बांध बुजवण्याआधी एकदा जेटीवर या! मंत्रिमहोदयांना एका बर्फवालीचे खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या मंगळवारी आपल्या खात्याचे पत्र मिळाले. माहिती हक्क कायद्याखाली मी एकच प्रश्न विचारला होता : गोव्यातल्या आमच्या जेटीच्या नव्या लाटरोधक बांधात लाटांपासून वीज करणारी यंत्रणा कोणत्या टप्प्यात बसवली जाणार आहे? उत्तर दीड ओळीचे आले. ‘मंजूर आराखड्यात अशी कोणतीही तरतूद नाही.’ खाली सही आणि शिक्का. पोस्टमनने पाकीट हातात दिले तेव्हा मी कारखान्याच्या दारात वितळलेल्या लाद्यांचे पाणी खराट्याने गटारात लोटत होते. ओल्या हातांनीच पाकीट फोडले आणि तिथेच पायरीवर बसले. तीन वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते कधी कागदावरच नव्हते, हे मला त्या पायरीवर कळले.

आपल्याला आठवत असेल अशी आशा आहे. तीन वर्षांपूर्वी या बांधाचे भूमिपूजन झाले. आपण नारळ वाढवलात आणि माइक घेऊन म्हणालात, “हा बांध नुसता दगडांचा नसेल. याच्या पोटात यंत्रे असतील. लाट येईल आणि तुमच्या जेटीवर दिवा लागेल. पहिली वीज बर्फाच्या कारखान्यांना.” मी दुसऱ्या रांगेत होते. घरी आल्याबरोबर ही वाक्ये मी वहीत उतरवून ठेवली, कारण माझे यजमान तेव्हा अंथरुणावर होते आणि त्यांना ती जशीच्या तशी सांगायची होती. त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. कारखाना त्यांनीच उभा केला. केरळात विझिंजमला लाटांवर वीज केली होती, त्या बातमीचे पिवळे पडलेले कात्रण त्यांच्या कपाटात होते. त्या संध्याकाळी ते उशीला टेकून बसले आणि कितीतरी दिवसांनी भरभरून बोलले. चार महिन्यांनी ते गेले. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून गेले. मंत्रिमहोदय, हे मी रडगाणे म्हणून लिहीत नाही. आपण मंडपात सहज बोलून जाता, ते कुणाच्या तरी घरात असे जाऊन बसते, एवढेच आपल्याला कळावे.

आता त्या मंगळवारच्या आधीचे दोन दिवस ऐका.

एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली. ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधून होते, खलाशी उसनवारीवर दिवस काढत होते. पहिल्या आठवड्यात दर्या खवळलेलाच असतो, पण बँकेचा हप्ता दर्या शांत व्हायची वाट बघत नाही. लोक गेले. माझा कारखाना वीस टनांचा, म्हणजे पन्नास किलोच्या चारशे लाद्या दिवसाला. बंदी उठायच्या चार दिवस आधीच मी कॉम्प्रेसर सुरू करून ब्राइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, टाकी उणे दहावर आणली होती. कोठी लाद्यांनी भरून तयार होती. रविवारी रात्री साडेनऊला वीज गेली. ती मंगळवारी पहाटे साडेचारला आली. एकतीस तास.

फीडरवर, म्हणजे आमच्याकडे वीज आणणाऱ्या मुख्य तारेवर, माड पडला, असे सांगण्यात आले. माड पडणारच, पावसाळा आहे. पण एक माड उचलायला एकतीस तास? फोन केला तर पहिल्यांदा “तासाभरात येईल”, मग “माणसे दुसरीकडे आहेत”, आणि मध्यरात्रीनंतर फोन बाजूला काढून ठेवलेला. मी जनरेटर चालवला. तासाला पंधरा-सोळा लिटर डिझेल. सोमवारी रात्री त्याचा रेडिएटर फुटला. टाकीतल्या लाद्या कडेने पांढऱ्या आणि मधे नुसते पाणी, अशा अर्धवट. कोठीतल्या लाद्या एकमेकींना चिकटून खाली बसायला लागल्या. मी आणि कामाला असलेल्या चार पोरांनी त्यांच्यावर भुसा आणि गोणपाटे टाकली, ताडपत्री ओढली. बर्फ थांबला नाही. बर्फ कुणासाठी थांबत नाही.

सोमवारी रात्रीच तीन ट्रॉलर बांगडे घेऊन आले. हंगामातली पहिली पकड. दोन महिन्यांनी माशाचा तो वास जेटीवर आला आणि माझ्याकडे द्यायला बर्फ नव्हता. त्यातला एक तांडेल माझ्या यजमानांचा मित्र. वीस वर्षे तो माझ्याकडूनच बर्फ नेतो. तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने रिकामे क्रेट माझ्या दारात ओळीने लावून ठेवले आणि काही न बोलता निघून गेला. पहाटे फिशमीलवाल्यांच्या गाडीत ते बांगडे मातीच्या मोलाने गेले. माझे नुकसान साडेतीन लाखांच्या घरात आहे, पुरता हिशोब अजून व्हायचा आहे. त्या तांडेलाचे किती झाले ते विचारायला मला तोंड नाही.

आणि त्या रात्री, अंधारात, कारखान्याच्या गच्चीवरून मला काय ऐकू येत होते? तुमच्या अर्धवट बांधावर आपटणाऱ्या लाटा. एकेका तडाख्यासरशी आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरत होती. एवढी ताकद, शंभर पावलांवर, रात्रभर दगडावर डोके आपटून फुकट जात होती आणि माझ्या मोटरा बंद होत्या. ती रात्र मी विसरणार नाही.

गेल्या वर्षी तीन फेऱ्या मारल्यावर एका अभियंत्यांची भेट मिळाली होती. ते म्हणाले, “बाई, आपला दर्या आठ महिने तळ्यासारखा असतो. लाटांची वीज परवडत नाही.” मी त्यांना विचारले, याचा अभ्यास कुणी केला, अहवाल दाखवा. अहवाल नाही. अर्ज करून लेखी विचारले. तरी नाही. न मोजताच निकाल!

त्यांचे पहिले वाक्य खरे आहे, ते मी नाकारत नाही. ऑक्टोबर ते मे आमच्या किनाऱ्यावर लाट कंबरेएवढी, कधी गुडघ्याएवढी. पण उरलेले चार महिने? लाटेतली ताकद तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते. एक मीटरची लाट तीन मीटरची झाली की तिच्यातली ऊर्जा नऊपट. आणि हे कोणते चार महिने? ज्यात तुमचे फीडर पडतात, ज्यात सूर्य दिसत नाही, ज्यात आम्ही अंधारात बसतो तेच. माझ्या छपरावर मी कर्ज काढून सोलर पॅनेल बसवले. एप्रिलात मीटर बघून समाधान वाटते. जुलैत एप्रिलच्या जवळपास निम्मीच वीज येते, पॅनेलांच्या कडांना शेवाळ धरते. ऊन जाते तेव्हा लाट येते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी अशी सोय निसर्गाने आमच्या दारात करून ठेवली आहे. ‘आठ महिने दर्या शांत’ म्हणणाऱ्या माणसाने एक श्रावण आमच्या जेटीवर काढावा.

हे यंत्र काही जादूचे नाही. माझ्या माहेरी किनाऱ्यावर काळ्या कातळात एक भोक होते. खालून लाट आत शिरली की त्या भोकातून हवेचा फूत्कार यायचा, लाट मागे गेली की ते भोक हवा आत ओढायचे. आम्ही पोरे त्यावर माडाची झावळी धरायचो. ती वर उडायची, मग भोकाला चिकटून बसायची. बांधातली यंत्रणा नेमकी हीच. बांध बांधतानाच त्याच्या दर्याकडच्या अंगाला काँक्रीटच्या पोकळ खोल्या ठेवायच्या, तळाशी पाण्याखाली उघड्या. लाट आत चढली की वरची हवा दाबली जाते आणि टर्बाइनमधून बाहेर पडते. लाट उतरली की तीच हवा आत ओढली जाते. लोहाराच्या भात्यासारखे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात असे टर्बाइन शोधून काढले की हवा आत जावो की बाहेर, पाती एकाच दिशेने फिरतात. पाण्यात फिरणारे काहीच नाही. शेवंड नाही अडकत, जाळे नाही अडकत.

आणि हे आपल्याच देशात झाले आहे, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे का? विझिंजमच्या मासेमारी बंदराच्या लाटरोधक बांधालगत मद्रास आयआयटीच्या लोकांनी १५० किलोवॅटचे असे केंद्र उभे केले. ते १९९१ मध्ये सुरू झाले. १९९१! सुमारे ३,००० टनांची काँक्रीटची पेटी पाण्यात नेऊन बसवली होती. पुढे त्याच केंद्रावर समुद्राचे पाणी गोडे करण्याचाही प्रयोग झाला. २०११ मध्ये ते बंद केले. आणि त्याच २०११ मध्ये, बघा कसा योग, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू नावाच्या गावात बंदराच्या बांधाच्या पोटात १६ खोल्या आणि १६ टर्बाइने सुरू झाली. प्रत्येकी साडेअठरा किलोवॅट, एकूण २९६ किलोवॅट. तेही मासेमारीचेच गाव. त्यांना बांध तर बांधायचाच होता, वादळापासून बंदर वाचवायला. त्याच बांधाच्या सुमारे १०० मीटरांत त्यांनी खोल्या ठेवल्या. बांधकाम चालू असताना वादळाने त्यांनाही तडाखे दिले. त्यांनी डागडुजी केली आणि पुढे गेले. जपानात साकाता बंदराच्या बांधात असा प्रयोग १९८९ मध्येच झाला. इस्रायलच्या जाफा बंदरात बांधाला तरंगते पाट जोडून केलेली वीज २०२३ पासून त्यांच्या तारांत जाते. आणि आम्हाला सांगतात, परवडत नाही.

मुत्रिकूच्या २९६ किलोवॅटचा हिशोब मी बर्फाच्या भाषेत मांडते. एक टन लादीला साधारण साठ युनिट लागतात. माझ्या कारखान्याला दिवसाला बाराशे युनिट, म्हणजे अखंड पन्नास किलोवॅट. ती सोळा टर्बाइने पूर्ण जोरात फिरली तर माझ्यासारखे पाच कारखाने चालतील. पूर्ण जोरात रोज फिरणार नाहीत, मला माहीत आहे. निम्म्या जोरात फिरली तरी दोन चालतील. तिसऱ्या हिश्श्याने फिरली तरी माझी आणि शेजारच्याची टाकी उणे आठच्या खाली राहील आणि जेटीवरचे दिवे जळतील. तीन ट्रॉलरांचे बांगडे फिशमीलला गेले नसते. मला गोवा उजळवायचा नाही. मला ती एक रात्र परत यायला नको आहे.

ही वीज स्वस्त पडेल असेही मी म्हणत नाही. खारे पाणी लोखंड खाते, तसे टर्बाइनही खाते. चार महिने धावून आठ महिने सुस्तावणारे यंत्र सांभाळणे सोपे नाही. पण खर्चातला मोठा वाटा बांधाचा असतो, आणि बांध तर तुम्ही बांधतच आहात! पैसे खर्च होतच आहेत. दगड येतच आहेत. फरक एवढाच की खोल्या ठेवायच्या असतील तर आत्ता ठेवायला हव्यात. एकदा बांध भरीव दगडांनी भरला, वर टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, रचले, की तो फोडून आत यंत्रे घालायला कोणी येणार नाही. पुढची पन्नास वर्षे नाही.

आता आपण-आपण पुरे झाले. तुम्हाला सरळच विचारते. गोव्याची वीज येते कुठून? कोरबा, विंध्याचल, रामागुंडम. कोळसा तिथे जळतो, राख तिथल्या लोकांच्या अंगणात पडते आणि शेकडो किलोमीटर तारांवरून ती इथे येता येता एका माडाने अडते. तारा कमी पडतात म्हणून छत्तीसगडमधल्या तमनारहून वीजवाहिनी आणायची, त्यासाठी सांगोडला झाडे तोडायची, मोलेच्या रानातून खांब न्यायचे. आणि मुरगाव बंदरात कोळसा उतरवायचा, ज्याची काजळी वास्कोच्या बायका रोज सकाळी ओटीवरून पुसतात. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरच्या रेल्वे रुळांवर हजारो माणसे रात्रभर मेणबत्त्या घेऊन बसली होती, ती कशासाठी? विकास नको म्हणून नव्हे. आमच्या दारातून दुसऱ्याचा कोळसा न्यायला रेल्वेमार्ग दुहेरी होणार होता, म्हणून.

केंद्राने २०१९ मध्ये समुद्राच्या ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता दिली. देशाच्या किनाऱ्यावर लाटांतून ४०,००० मेगावॅटची क्षमता आहे, असा आकडा सरकारी कागदांतच आहे. त्यातले चाळीस किलोवॅट तरी गोव्यात कुठे दिसतात? २०२४ च्या फेब्रुवारीत बेतूलला देशाचा ऊर्जा सप्ताह भरला, पंतप्रधान आले, मोठाले मंडप पडले. दर्या तिथून किती लांब होता? दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ ची. तिथले शास्त्रज्ञ पाण्यात तरंगती यंत्रे टाकून लाटा मोजतात, जगभर निबंध छापतात. पर्वरीच्या सचिवालयापासून दोनापावलापर्यंत मांडवी ओलांडून गाडीने अर्धा तास. तेवढ्या अंतरावरच्या माणसांना तुमच्या खात्याने बांध आखताना एकदा तरी विचारले का? एक बैठक? एक पत्र?

कुणी विचारत नाही, कारण कुणाला फरक पडत नाही. मांडवीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर लखलखत असतात. हॉटेलांकडे मोठे जनरेटर आहेत. अंधार येतो तो जेटीला, रापणकाराला, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला, बर्फवालीला. ज्या बाईच्या पाटीतले तारले दुपारी मऊ पडतात तिला तुम्ही कुठली नुकसानभरपाई देता? वीज गेल्याची भरपाई मागायला मी गेले तर अर्जाबरोबर ‘मालक’ कोण ते विचारले. मी म्हटले, मीच. तरी त्या गृहस्थांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या कामगाराकडे बघून नाव लिहायला सुरुवात केली. बावीस वर्षे मी हा कारखाना चालवते, शेवटची तीन एकटीने. अमोनियाची गळती मी नाकाने ओळखते, व्हॉल्व्ह मी स्वतः बंद करते. १ जूनपासून आजवर वीज ५३ वेळा गेल्याची नोंद माझ्या वहीत आहे, तारखेसह, वेळेसह. पाच-दहा मिनिटांचे झटके धरलेले नाहीत. तुमच्या खात्याकडे अशी वही असेल तर समोरासमोर ठेवू आणि ताडून बघू.

दरवर्षी नारळी पौर्णिमेला आम्ही दर्याला नारळ देतो आणि गाऱ्हाणे घालतो. यंदा जेटीवर गाऱ्हाणे चालू असताना माझे लक्ष नव्हते. मी बांधाकडे बघत होते. दर्याकडे काय मागायचे? तो तर देतोच आहे, दिवसरात्र, इतका की आमच्या भिंती हादरतात. न घेणारे आम्ही. गाऱ्हाणे तुमच्यापुढेच घालायला हवे, म्हणून लिहिते.

बांधाचे टोकाकडचे नव्वद मीटर अजून बाकी आहेत. पावसामुळे काम थांबले आहे, चवथ आटोपली की ठेकेदार पुन्हा सुरू करणार. टेट्रापॉड ओतून जेटीच्या मैदानात ओळीने मांडून ठेवलेत, मी रोज त्यांच्यामधून चालत जाते. ते नव्वद मीटर थांबवा. नेमका तोच भाग सगळ्यात खोल पाण्यात आहे, लाट तिथेच सगळ्यात जोराने येते. दोनापावलच्या लोकांना बोलवा, आमच्या तोंडाशी लाट किती येते ते मोजलेले असेल तर काढा, नसेल तर मोजा. विझिंजमला ज्यांनी केले त्या मद्रास आयआयटीला लिहा. सोळा नको, चार खोल्या ठेवा. टर्बाइने आज परवडत नसतील तर आज बसवू नका, पण खोल्या ठेवा. पोकळी ठेवायला काही मोठा खर्च येत नाही, आणि पुढे कुणी शहाणा मंत्री आला तर त्याला बांध फोडावा लागणार नाही. आणि हे सगळे होईपर्यंत जेटीला स्वतंत्र फीडर द्या. माड पडला तर तो उचलायला रात्रीचे दोन लाइनमन ठेवा. आमची त्यांच्याबद्दल तक्रार नाही, ते बिचारे पावसात खांबावर चढतात. माणसे कमी तुम्ही ठेवली आहेत.

येत्या आठवड्यात कधीही या. पोलिसांच्या गाड्या, मंडप, काही नको. भरतीच्या वेळेला या, बांधाच्या टोकावर उभे राहू, दगडांच्या फटींतून हवा कशी सुटते ते तुमच्या हाताला लावून दाखवते. मी पहाटे पाचपासून कारखान्यातच असते. त्या तांडेलाचे रिकामे क्रेट अजून माझ्या दारात आहेत, त्यावरून कारखाना ओळखता येईल.

आपली,
एक बर्फवाली
बार्देश, गोवा